‘हाऊ काहीबी करी ऱ्हायना!’ : वाचकांच्या लॅपटॉप-शंका

उन्हाळा लागला की या सदराकडे येणारी निम्मी पत्रं एकाच ओळीची असतात : ‘लॅपटॉप फार स्लो झालाय, काय करू?’ खाली गावाचं नाव. आता धुळ्यात माझ्या दुरुस्तीच्या बाकावर बसून मी याला काय उत्तर देणार? चालू व्हायला वेळ लागतो, का चालू झाल्यावर अडकतो, का फक्त इंटरनेटच हळू आहे, का दुपारीच रडतो? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि खर्चही वेगळा. म्हणून यावेळी ज्यांनी खुलासेवार लिहिलंय त्यांचीच पत्रं घेतली आहेत. बाकीच्यांनी रागावू नये, पुन्हा लिहावं.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लॅपटॉप २०१८ चा, आय-थ्री सातव्या पिढीचा, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केल्यावर चहा करून पिऊन झाला तरी हा कामाला लागत नाही. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती भरताना मधेच गोठतो. एका दुकानदाराने फॉरमॅट मारून दिला, थोडे दिवस बरा चालला, मग परत तेच. दुसरा म्हणतो, नवीनच घ्या. कोणाचं ऐकू?

उत्तर : मॅडम, सध्या दोघांचंही नको.

आपल्याकडे फॉरमॅट म्हणजे खेड्यातल्या दवाखान्यातलं सलाईन झालंय. ताप असो, अंगदुखी असो, लावा सलाईन. पेशंटला दोन दिवस तरतरी येते, दुखणं जागच्या जागी राहतं. फॉरमॅटचा उपयोग व्हायरसने किंवा बिघडलेल्या विंडोजने घोटाळा केला असेल तेव्हा होतो. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही.

आधी घरच्या घरी एवढं बघा. लॅपटॉप चालू करून दहा मिनिटं त्याला हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीशीच खिडकी आली तर तिच्या तळाशी ‘मोअर डिटेल्स’ आहे, ते दाबा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. तुम्ही काहीच काम करत नसताना डिस्कचा आकडा ९५-१०० टक्क्यांवर चिकटून बसला असेल आणि मेमरीही ८० च्या पुढे असेल, तर दुखणं सापडलं. तुमची जुनी फिरती हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम, दोन्ही मिळून. रॅम भरली की विंडोज वरचा माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. लॅपटॉपमधली साधी डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते. ही ने-आण तिला झेपत नाही आणि तुमचं यू-डायसचं पान गोठतं.

यावरचा उपाय एसएसडी, म्हणजे चिपवर साठवण करणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं. साटा प्रकारची एसएसडी सेकंदाला साधारण ५०० एमबी वाचते, जुनी डिस्क शंभराच्या आसपास. पण खरा फरक त्या आकड्यात नाही. विंडोजला हजारो बारीक बारीक फायली विखुरलेल्या जागांवरून उचलाव्या लागतात. त्यासाठी फिरत्या डिस्कची सुई दर वेळी इकडून तिकडे जाते, एसएसडीला कुठे जायचंच नसतं. माझा आग्रह असा : आधी एसएसडी, मग जमलं तर रॅम ८ जीबी. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी. २५६ जीबीची तुम्हाला पुरेल. जुनी डिस्क फेकू नका. ती तब्येतीने चांगली असेल तर पेटीत घालून यूएसबीने जोडता येते, फोटो ठेवायला कामाला येते.

दुकानात जाताना ‘स्लो आहे’ म्हणून लॅपटॉप काउंटरवर ठेवू नका. टास्क मॅनेजरचा मोबाइलवर फोटो काढून न्या आणि तो दाखवून विचारा : यात अडीच इंची साटा एसएसडी बसेल का, का एम-टू ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा आहे? रॅमची एक खाच रिकामी आहे, का रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे? सुटा भाग नवा आहे का वापरलेला, त्याची वॉरंटी किती, बिलावर त्याचा सीरियल नंबर लिहून देणार का? आणि काढलेला जुना भाग परत मिळणार ना? एवढं विचारलं की समोरचा माणूसही जरा सावरून बोलतो. चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडून लॅपटॉप उचला आणि पुढच्या दुकानात जा.

आता जिथे लोक हमखास फसतात ते. तुमच्या मागच्या फॉरमॅटमध्ये काही गेलं का ते लिहिलं नाही, पण शिक्षकांचं सगळं विश्व डेस्कटॉपवर असतं हे मी पाहते. निकालपत्रकं, सेवापुस्तकाचे स्कॅन, लग्नाचे फोटो, सगळं. आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह. फॉरमॅटमध्ये तोच पुसतात. त्यावर उत्तर येतं, ‘ताई, मी सगळं डी ड्राइव्हला टाकलंय.’ अहो, सी आणि डी ही एकाच डिस्कच्या दोन वाटण्या आहेत. डिस्क गेली की दोन्ही गेले. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर, वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा गुगल ड्राइव्हवर असेल तरच ते जपलं म्हणायचं. लॅपटॉप हातातून सोडण्याआधी ही प्रत तुम्ही स्वतः काढा, दुकानदारावर टाकू नका.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. उघडलं की एका शब्दात सांगतं : गुड, कॉशन किंवा बॅड. गुड सोडून काहीही आलं तर बाकीची कामं थांबवा आणि आधी फायली बाहेर काढा. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. बंद करून ठेवा आणि डेटा काढणाऱ्याकडे न्या.

राहिलं विंडोज. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढे चालतं, म्हणजे तुमचा लॅपटॉप एका पायरीने हुकला. तरी तो लगेच भंगारात जात नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेत. विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची सोय आहे. तुमचं बहुतेक काम ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे मुदत संपल्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून हाच लॅपटॉप आणखी काही वर्षं चालवता येईल. फक्त शाळेचा प्रिंटर त्यावर चालतो का, ते आधी पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करून तपासा.

जाता जाता एक सांगते. विंडोजमध्ये ‘शटडाऊन’ केलं की ते पूर्ण बंद होतंच असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर आतला गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. पूर्ण नवी सुरुवात ‘रिस्टार्ट’ने होते. तेव्हा मेकॅनिककडे जाण्याआधी एकदा रिस्टार्ट करा. निम्मे किरकोळ घोटाळे तिथेच मिटतात.

प्रश्न : नंदुरबारला आमचा मिरचीचा व्यापार आहे. पथारीवरच्या, म्हणजे मिरची वाळवतात त्या मैदानावरच्या, ऑफिसात लॅपटॉप असतो. सकाळी व्यवस्थित चालतो, दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला पंखा घोंघावतो, मग सगळं संथ होतं आणि लॅपटॉप न सांगता खटकन बंद पडतो. संध्याकाळी परत ठीक. एकाने बॅटरी बदलायला लावली. फरक शून्य.

उत्तर : शेठ, वेळेसकट लिहिलंत म्हणून निदान सोपं झालं. हा उष्णतेचा आजार आहे, बॅटरीचे पैसे वाया गेले.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या ऑफिसात त्याहून जास्त. आतला प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी उतरलं नाही तर जीव वाचवायला वीज तोडतो. तुम्ही सांगितलंत तो क्रम अगदी हाच आहे.

त्यात तुमच्याकडे मिरची. असाच एक पथारीवरचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. मागचं झाकण उघडलं आणि दुकानातले सगळे शिंकायला लागले. पंख्याच्या पात्यांवर लालसर थर होता, पण खरा अडथळा पुढे होता. पंखा हवा जिथून बाहेर ढकलतो तिथे तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते. पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत मिरचीची पूड, धूळ आणि केस यांचा नमद्यासारखा घट्ट पट्टा जमला होता. चिमट्याने धरला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. जिनिंगवाल्यांच्या लॅपटॉपमध्ये हाच पट्टा पांढरा निघतो, कापसाच्या तंतूंचा.

हा पट्टा बाहेरून फुंकून निघत नाही, उलट आत सरकतो. म्हणून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिच्यात पाणी आणि तेलाचा अंश असतो, शिवाय जोराच्या झोताने पंखा नको तितका फिरून त्याची बेअरिंग जाते. कारागिराला सांगा : मागचं झाकण काढून पंखा आणि जाळी साफ करा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) पुसून नवी लावा. काम समोर बसून करून घ्या. हे वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, तुमच्या धंद्यात चुकवू नका.

आणि ऑफिसात डेझर्ट कूलर असेल तर एक सांभाळा. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका. ओलसर हवेने आतली पूड चिकट होते. लॅपटॉप गादीवर, खात्याच्या वहीवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बुजतात. मागच्या बाजूला दोन बाटल्यांची झाकणं लावून तो उचलून ठेवलात तरी फरक पडेल.

प्रश्न : मी भुसावळला भाड्याच्या खोलीत राहून डिप्लोमा करतोय. माझ्या लॅपटॉपचा कर्सर आपोआप पळतो, नको तिथे क्लिक होतं. मित्र म्हणतात कोणीतरी हॅक केलंय. दोन वेळा फॉरमॅट मारला. कधी कधी लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं.

उत्तर : तुझ्या शेवटच्या ओळीने उत्तर दिलं. ती तू उगाच शेवटी टाकलीस.

चार्जर काढ आणि नुसत्या बॅटरीवर चालव. कर्सर शहाण्यासारखा वागला तर हॅकर वगैरे कोणी नाही, खोलीच्या अर्थिंगची भानगड आहे. चार्जरमध्ये विजेतला खरखराट गाळणारा भाग असतो. त्यातून अगदी बारीकसा प्रवाह लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येतो. तीन पिनांच्या प्लगमधल्या वरच्या जाड पिनेने तो जमिनीत निघून जायला हवा. ती वाट नसेल तर तो अंगावर तरंगत राहतो. तुला मुंग्या येतात त्या त्याच्याच. टचपॅड बोटाचा अंदाज विजेच्या भारावरूनच घेतं. त्यात हा गोंधळ मिसळला की बोट नसतानाही त्याला बोट भासतं.

आता बघ, चार्जर दोन पिनांचा आहे का? दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर मधे घातलाय का? असेल तर काढ. सॉकेट तीन भोकांचं असलं म्हणून मागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. भाड्याच्या खोल्यांमध्ये ते वरचं भोक बऱ्याचदा शोभेपुरतं असतं. तार असली तरी आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडाठाक पडतो. कोरडी माती वीज नीट घेत नाही. जुन्या वायरमन लोकांना हे माहीत आहे, ते उन्हाळ्यात मीटरजवळच्या त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगतात. घरमालकांना सांग, खड्डा कुठे आहे ते विचार, पाणी घालून बघ. पावसाळ्यात तुझा त्रास आपोआप कमी होत असेल तर याच कारणाने.

तपासणी मात्र वायरमनकडूनच. फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावून तो लगेच सांगेल. तू स्वतः बोर्ड उघडायचा नाहीस, आणि कोणी न्यूट्रलची तार अर्थिंगच्या पिनेला जोडून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठव. ते जिवावर बेतू शकतं. मुंग्यांऐवजी झटका बसत असेल तर तो चार्जर आजच बंद.

चार्जर काढूनही कर्सर पळत असेल तर लॅपटॉप सपाट टेबलावर ठेव. डुगडुगतोय का? टचपॅड वर उचललं गेलंय, दाबलं जात नाही असं वाटतंय? मग आत बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे. तो लॅपटॉप चालू करू नको, चार्जिंगला लावू नको, बॅटरी टोचू-दाबू नको. बंद करून दुरुस्तीला ने.

प्रश्न : मी शिरपूरची. मुलगा पुण्याला नोकरीला. लॅपटॉप बिघडला की मी फोन करते, म्हणते, ‘भाऊ, हाऊ काहीबी करी ऱ्हायना’ (हा काहीही करतोय). तो विचारतो, ‘आई, काय लिहून आलंय?’ मी चष्मा शोधेपर्यंत ते जातं. मग तो चिडतो, मी रडते. माझं शिक्षण कमी आहे म्हणून होतं का?

उत्तर : मुळीच नाही, ताई. इंजिनिअर लोकही माझ्याकडे ‘काहीबी’च घेऊन येतात, फक्त इंग्रजीत.

पुढच्या वेळी चष्मा शोधू नका, मोबाइल उचला. पडद्यावर जे दिसतंय त्याचा सरळ उभं राहून फोटो काढा आणि मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तुम्हाला वाचायची गरजच नाही. फोन करण्याआधी एका कागदावर तीनच गोष्टी लिहून ठेवा : मी काय करत होते, ते कधीपासून होतंय, आणि त्याच्या आदल्या दिवशी घरात नवीन काय झालं. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. नातवंडांनी गेम टाकला, नवा प्रिंटर जोडला, रात्रभर अपडेट चाललं होतं, हे लोक सांगायला विसरतात आणि दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

मुलाला हे वाचून दाखवा : विंडोजमध्येच ‘क्विक असिस्ट’ नावाची सोय आहे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू दाबलं की उघडते. त्याने पुण्यात आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करून तुम्हाला कोड सांगायचा, तुम्ही तो टाकायचा आणि परवानगी द्यायची. तुमचा पडदा त्याला दिसेल. चिडायला मग कारणच उरणार नाही. कोड मात्र तुम्ही स्वतः फोन लावलेल्या मुलाकडूनच घ्यायचा. कोणी अनोळखी ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणून कोड देऊ लागला तर फोन ठेवून द्यायचा.

प्रश्न : पाचोऱ्याहून, निवृत्त. बातम्या वाचताना पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला, ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असं आलं. फोन केला. त्यांनी एक अ‍ॅप टाकायला लावलं, लॅपटॉप त्यांच्या ताब्यात गेला आणि दुरुस्तीचे म्हणून खात्यातून पैसे घेतले. परवाची गोष्ट. आता लॅपटॉप हळू चालतो.

उत्तर : काका, लॅपटॉपचं नंतर. हे पत्र आलं तसं मी तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, इतरांसाठी इथे लिहिते. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० वर फोन करायचा. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. सोबत बँकेलाही कळवून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगायचं. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. व्यवहाराचा क्रमांक, बँकेचा एसएमएस, त्यांचा फोन नंबर, काहीही पुसू नका.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. तो लाल पडदा म्हणजे नुसतं एक वेबपान. आल्ट आणि एफ-फोर दाबून बंद करायचं. नाही झालं तर टास्क मॅनेजर उघडून ब्राउझरवर ‘एंड टास्क’. पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. ग्राहकसेवेचा नंबरही गुगलवर शोधू नका. लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवरून कंपनी बघा आणि तिच्या स्वतःच्या साइटवरून नंबर घ्या.

लॅपटॉपचा वाय-फाय बंद ठेवा. पासवर्ड बदलायचे ते मोबाइलवरून, या लॅपटॉपवरून नाही, आणि सगळ्यात आधी ईमेलचा. त्या लोकांनी टाकलेलं अ‍ॅप काढलं तरी त्यांनी आणखी काय ठेवलंय ते वरून दिसत नाही. फायलींची प्रत काढून हा लॅपटॉप फॉरमॅटच करून घ्या. चोपड्याच्या मॅडमना मी नको म्हटलं, तुम्हाला करा म्हणते. पण पोलिसांत तक्रार नोंदवून, त्यांना लॅपटॉप बघायचा आहे का ते विचारूनच.